संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन : वर्ण आणि आश्रम यांच्या संदर्भात

मराठी संतसाहित्याच्या सामाजिक आशयाची चर्चा गेली शंभर-सव्वाशे वर्षे प्रामुख्याने वर्ण या एकाच शब्दाभोवती फिरत राहिली आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी संतांच्या चळवळीत धर्मसुधारणेचे आणि राष्ट्रीय जागृतीचे बीज पाहिले, वि. का. राजवाडे यांनी त्याच संतांवर निवृत्तिपरतेचा ठपका ठेवला. गं. बा. सरदार यांनी ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ (1950) या ग्रंथात या दोन टोकांमधून वाट काढण्याचा प्रयत्न केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली आक्षेप नोंदवला, की संतांचा झगडा माणसामाणसांतील समतेसाठी नव्हता, ईश्वर आणि माणूस यांच्या नात्यापुरताच होता. तथापि ‘द अनटचेबल्स’ (1948) हा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. या साऱ्या चर्चेत मतभेद कितीही तीव्र असले तरी प्रश्न एकच होता : भक्तीने चातुर्वर्ण्य मोडले, सैल केले की जसेच्या तसे राखले?

परंपरेने मात्र ‘वर्णाश्रम’ असा जोडशब्द वापरला आहे. या जोडशब्दाचा उत्तरार्ध मराठी समीक्षेने जवळजवळ सोडून दिला. ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ आणि संन्यास या चार अवस्थांचे भक्तिमार्गात काय झाले, हा प्रश्न वर्णाच्या प्रश्नाइतका ज्वलंत वाटला नाही, याची कारणे समजण्यासारखी आहेत. जातीचे दुःख डोळ्यांसमोर होते, आहे. आश्रमव्यवस्था मात्र पोथीतच उरली आहे असा सर्वसाधारण समज झाला. हा समज कितपत खरा आहे हे तपासण्यासाठी संत बहिणाबाई शिऊरकर (1628–1700) यांचे आत्मनिवेदन हे मराठीतील सर्वांत महत्त्वाचे साधन ठरते.

वस्तुतः वारकरी परंपरेची मूळ जखम ही वर्णाची नाही, आश्रमाची आहे. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला. चारही भावंडे जन्माने ब्राह्मणच होती. त्यांना वाळीत टाकले गेले ते ‘संन्याशाची पोरे’ म्हणून. आश्रमाच्या पायऱ्या वर चढता येतात, खाली उतरता येत नाहीत, हा नियम मोडल्याची ती शिक्षा होती. पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्रासाठी जावे लागले तेही याच कारणाने. पुढे या पंथाने संन्यासाला आपल्या साधनेत फारसे स्थान दिले नाही, यामागे ही आठवण असावी असे म्हणण्यास जागा आहे. एकनाथांनी 1573 मध्ये काशीस पूर्ण केलेल्या भागवतटीकेत, एकादश स्कंधाच्या सतराव्या व अठराव्या अध्यायांवर लिहिताना, चारही वर्णांची आणि आश्रमांची कर्तव्ये विस्ताराने सांगितली. ती नाकारण्याचा त्यांचा हेतू नव्हता. पण स्वतः एकनाथ पैठणास गृहस्थ म्हणून राहिले, आणि गृहस्थाचे घर हेच भक्तीचे क्षेत्र ही वारकऱ्यांची धारणा त्यांच्या चरित्राने पक्की केली. घर सोडू नका, रान गाठू नका, प्रपंचातच नाम घ्या, असा हा उपदेश आहे. पुरुषाच्या दृष्टीने तो मुक्त करणारा होता. कुणब्याला शेत सोडावे लागले नाही, शिंप्याला सुई टाकावी लागली नाही.

स्त्रीच्या बाबतीत या उपदेशाचा अर्थ काय होतो, हे फारसे विचारले गेलेले नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात एक सूत्रमय विधान आहे : विवाह हेच स्त्रियांचे उपनयन, पतिसेवा हाच त्यांचा गुरुकुलवास आणि गृहकृत्ये हीच त्यांची अग्निपरिचर्या. याचा अर्थ स्त्रीसाठी चार आश्रम नाहीतच. जे काही आहे ते एकाच आश्रमात दाबून बसवलेले आहे, आणि त्या आश्रमात तिचा गुरू म्हणजे तिचा पती. पुरुषाच्या गृहस्थाश्रमाला आधी ब्रह्मचर्याचा आणि नंतर वानप्रस्थाचा शेजार आहे. स्त्रीच्या गृहस्थाश्रमाला कोणताच शेजार नाही.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून बहिणाबाईंची कथा पाहिली पाहिजे. वेरूळजवळील देवगाव येथील ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षी त्यांचे लग्न सुमारे तीस वर्षांच्या एका बिजवराशी झाले. भाऊबंदकीमुळे आणि कर्जामुळे कुटुंबाला गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे फिरत ते कोल्हापुरास आले. तेथे यजमानांना दान मिळालेली कपिला गाय या कुटुंबाकडे आली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा इतका लळा लागला की ते त्यांच्या मागोमाग कीर्तनालाही जाऊ लागले. हे कीर्तन जयराम गोसावी वडगावकर यांचे. गर्दीत वासराला मारून बाहेर काढले गेले, मुलगी रडू लागली, आणि जयरामस्वामींनी दोघांनाही जवळ बोलावून गौरवले. ही वार्ता घरी पोहोचताच पतीने बहिणाबाईंना बांधून बेदम मारले. त्या वेळी त्या अकरा वर्षांच्या होत्या. वासराने अन्नपाणी सोडले आणि ते मेले. शोकाने निश्चेष्ट पडलेल्या बहिणाबाईंना स्वप्नात तुकोबांचे दर्शन झाले व मंत्र मिळाला. परंपरा हा प्रसंग शके 1562 मधील, म्हणजे 1640 सालचा मानते. तुकोबा तेव्हा देहूस हयात होते. बहिणाबाईंनी त्यांना तोवर पाहिलेही नव्हते, फक्त जयरामस्वामींच्या कीर्तनातून त्यांचे अभंग ऐकले होते.

बहिणाबाईंवर लिहिताना बहुतेक अभ्यासक या कथेचा अर्थ वर्णसंघर्ष असा लावतात : ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू केला म्हणून वैदिक पती संतापला. हे वाचन चुकीचे नाही, पण ते आत्मनिवेदनातील घटनांचा क्रम ध्यानात घेत नाही. मारहाण आधी आहे आणि शूद्र गुरू नंतर. पहिल्या मारहाणीच्या वेळी तुकोबांचे नाव या प्रकरणात कोठेच नव्हते. ज्या जयरामस्वामींनी मुलीच्या मस्तकावर हात ठेवला ते स्वतः ब्राह्मण होते. म्हणजे वर्णाची कोणतीही रेषा ओलांडली गेलेली नसताना बहिणाबाईंना मार बसला. मग ओलांडले गेले होते ते काय? पत्नीच्या मस्तकावर पतीखेरीज दुसऱ्या गुरूचा हात पडला होता. लोक तिच्याविषयी बोलू लागले होते. घराच्या आत ज्याची जागा ठरलेली आहे ते माणूस सभेत दिसू लागले होते. स्त्रीच्या एकमेव आश्रमाला पडलेली ती चीर होती. पतीचा राग जातीच्या अभिमानातून नंतर पेटला; त्याआधी तो गृहस्थाच्या अधिकारातून आला होता.

स्वप्नदीक्षेनंतर हे दोन्ही राग एकत्र येतात आणि म्हणूनच ते वेगळे ओळखणे अवघड होते. पती म्हणतो त्याचा आशय असा, की आपण वेदाध्ययन करणारे ब्राह्मण, आपल्याला शूद्राशी काय कर्तव्य. पण लगेच पुढे तो असेही म्हणतो, की आता लोक हिच्या पाया पडतील आणि हिच्यापुढे आपली किंमत गवताच्या काडीएवढी राहील. दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे. पत्नीला तिच्या माहेरच्यांकडे ठेवून आपण तीर्थाटनाला निघून जावे, असा निश्चय तो करतो. येथे आश्रमव्यवस्थेचा खरा असमतोल उघडा पडतो. पुरुषाला घरात अपमान वाटला तर त्याच्यापुढे एक मान्य, प्रतिष्ठित, पुण्यकारक वाट खुली आहे. तो गेला तर लोक त्याला विरक्त म्हणतील. पत्नी गेली तर तिला काय म्हटले जाईल, हे लिहिण्याची गरज नाही.

बहिणाबाईंचे उत्तर वाचकाला प्रथम निराश करते. दगडाच्या मूर्तीसाठी आणि स्वप्नात भेटलेल्या गुरूसाठी डोळ्यांसमोरचा पती का गमवावा, अशा आशयाचे त्यांचे बोल आहेत. पतिसेवा हाच आपला धर्म, पती हेच परब्रह्म असे त्या निक्षून सांगतात. स्त्रीजन्माला वेदाचा अधिकार नाही, गायत्रीचा नाही, देह पराधीन आहे, ही खंतही त्यांच्या अभंगांत आहे. पतिव्रताधर्मावर त्यांनी स्वतंत्र अभंग रचले. पुढे पती दुखण्यात पडतो, त्याचे मन पालटते आणि सारे कुटुंब देहूस जाते. आधुनिक वाचकाला ही शरणागती वाटते; भाविक वाचकाला ही निष्ठेची कसोटी वाटते. अॅन फेल्डहाउस यांनी 1982 मधील आपल्या निबंधात पत्नीपण आणि संतपण यांतील ताण व त्यांचा मेळ हाच विषय मध्यवर्ती धरला, आणि बहिणाबाईंच्या अभ्यासाला त्यामुळे नवी दिशा मिळाली. त्याआधी जस्टिन अॅबट यांनी 1929 मध्ये आत्मनिवेदनाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते.

मात्र हा ताण आणि मेळ बहिणाबाईंच्या व्यक्तिगत स्वभावात शोधण्याऐवजी त्यांना उपलब्ध असलेल्या वैचारिक साधनांत शोधला तर चित्र अधिक स्पष्ट होते. वर्णाच्या प्रश्नावर याच बहिणाबाई कमालीच्या धीट आहेत. देहूस मंबाजी गोसावी यांनी या कुटुंबाला छळले. ब्राह्मण शूद्राच्या पाया पडतात अशी तक्रार पुण्याच्या आपाजी गोसावी यांच्याकडे पत्राने केली. या छळाची साक्ष देणाऱ्या बहिणाबाई ब्राह्मण कोण हा प्रश्न सरळ उभा करतात, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेला आधार विलक्षण आहे. वज्रसूची उपनिषदाचा आशय त्यांनी मराठी अभंगांत आणला.

वज्रसूची म्हणजे हिऱ्याची सुई. हे छोटे उपनिषद एकामागून एक पर्याय टोचून पाहते. जीव ब्राह्मण म्हणावा, तर एकच जीव अनेक जन्मांत अनेक देह घेतो. देह ब्राह्मण म्हणावा, तर सर्वांचा देह पंचमहाभूतांचा, आणि मृत पित्याला अग्नी देणाऱ्या पुत्राला ब्रह्महत्येचे पाप लागेल. जात म्हणावी, तर व्यास कोळिणीच्या पोटी, ऋष्यशृंग हरिणीच्या पोटी, अगस्त्य घटातून जन्मले. ज्ञान, कर्म आणि दानधर्म यांनीही ब्राह्मण ठरत नाही, कारण ते इतर वर्णांतही आढळतात. उरतो तो ब्रह्म जाणणारा. या युक्तिवादाने ‘ब्राह्मण’ हा शब्द नाहीसा होत नाही, तो जन्मावरून गुणावर सरकतो. या मर्यादेवर पुष्कळ टीका करता येईल, आणि ती करायलाही हवी. पण सतराव्या शतकातील ब्राह्मण घरातल्या, वेदाधिकार नसलेल्या एका गृहिणीने श्रुतीतीलच वचन मराठीत आणून स्वतःच्या जातीच्या जन्मसिद्ध अधिकाराला सुरुंग लावावा, ही घटना मराठी विचाराच्या इतिहासात लहान नाही. तुकोबा शूद्र म्हणून त्यांना गुरुपद नाही, या आक्षेपाचे उत्तर त्यांना श्रुतीच्या शब्दांतच देता आले.

आता याच्याशी पत्नीधर्माचा प्रश्न ताडून पाहावा. ब्राह्मण कोण हे विचारणारी सुई परंपरेत होती. पती कोण हे विचारणारी सुई नव्हती. देह पती आहे का, जीव पती आहे का, लग्नाचा विधी झाला म्हणून तो पती आहे का, तीन वर्षांच्या मुलीचे तीस वर्षांच्या पुरुषाशी जुळवलेले नाते कोणत्या गुणाने पतित्वास पात्र ठरते, असे प्रश्न विचारणारे एकही प्रमाणवचन बहिणाबाईंच्या हाताशी नव्हते. त्या धीट नव्हत्या असे नाही. एका बाबतीत त्यांना शस्त्र मिळाले, दुसऱ्या बाबतीत मिळाले नाही. याचा अर्थ वर्णाश्रम या जोडशब्दातील दोन भागांची भक्तिपरंपरेतील वाटचाल सारखी झाली नाही. वर्णाविरुद्ध बोलण्याची भाषा परंपरेने स्वतःच घडवली होती, मग ती अपुरी का असेना. आश्रमाविरुद्ध बोलण्याची भाषा पुरुषांसाठी होती, कारण संन्यास अनावश्यक ठरवणे हे त्यांच्या सोयीचे होते. स्त्रीच्या आश्रमाविरुद्ध ती घडलीच नाही.

अन्य पंथांशी तुलना केली असता हे अधिक ठळक होते. महानुभाव पंथात स्त्रियांना संन्यास होता. चक्रधरांच्या परिवारात स्त्रिया घर सोडून आल्या, भिक्षा मागत हिंडल्या, आणि ‘धवळे’ रचणारी महदंबा ही मराठीतील आद्य कवयित्री त्यांतलीच. रामदासी परंपरेतील वेणाबाई बालविधवा होत्या. त्यांना उभे राहून कीर्तन करण्याची मुभा मिळाली व मिरजेच्या मठाचा अधिकारही. बहिणाबाईंच्या त्या समकालीन. पण महदंबा असो की वेणाबाई, पतीच्या गृहस्थाश्रमातून त्या आधीच बाहेर पडलेल्या होत्या, वैधव्याने. कर्नाटकातील अक्कमहादेवी आणि राजस्थानातील मीराबाई यांनी ते घर स्वतः सोडले. मुक्ताबाईंचा विवाहच झाला नाही. जनाबाई दासी होत्या, गृहिणी नव्हत्या. पती हयात असताना, त्याच्याच घरात राहून, त्याच्या इच्छेविरुद्ध मिळालेला गुरू न सोडता संतपदाला पोचलेली स्त्री शोधू गेल्यास बहिणाबाईंच्या जोडीला फार नावे सापडत नाहीत. संन्यास नाकारून गृहस्थाश्रमाला मोठे करणाऱ्या वारकरी पंथाने समतेचे एक दार उघडले आणि ते उघडताना स्त्रियांची एक पळवाट, कदाचित नकळत, बंद केली. महानुभावांचा मार्ग कडक होता, लोकविन्मुख होता, पण ती वाट तेथे होती.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. बहिणाबाईंच्या छापील गाथेतील अभंगांचा क्रम संपादकांनी लावलेला आहे. तेव्हा पतिव्रताधर्माचे अभंग कोणत्या वयात, कोणत्या मनःस्थितीत रचले गेले हे सांगता येत नाही, आणि त्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच येथे भर गाथेच्या मांडणीवर न देता आत्मनिवेदनातील कथनाच्या ओघावर दिला आहे. वासरू, जयरामस्वामींचा हात, मार, वासराचा मृत्यू, स्वप्न, पतीचा निश्चय, आजार, देहू या घटना एकमेकींच्या पोटातून निघतात. त्यांची उलटापालट केल्यास कथाच उरत नाही.

आश्रमाचा प्रश्न पोथीतच राहिला, हा समज प्रत्यक्ष आचाराच्या पातळीवरही टिकत नाही. वारकरी होण्यासाठी उपनयन लागत नाही. तुळशीची माळ कोणत्याही जातीच्या, कोणत्याही वयाच्या माणसाला घालता येते, आणि तिच्यासोबत येणारी पथ्ये, म्हणजे एकादशी, वारी, मद्यमांसाचा त्याग, ही गृहस्थालाच पाळावयाची आहेत. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण पट्ट्यात, विशेषतः आगरी आणि कुणबी समाजांत, हा पंथ खोलवर रुजला. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला ज्यांचे नाव दिले आहे ते सावळाराम महाराज म्हात्रे याच मातीतले कीर्तनकार. उल्हास नदीच्या काठचे मांजर्ली हे गाव बदलापूर शहरात सामावून गेले; अशा गावांत इमारती उभ्या राहिल्या तरी हरिनाम सप्ताहाचा मांडव पडणे थांबले नाही. सप्ताहाच्या मांडवात वर्ण शोधू गेल्यास सहजी सापडत नाही. विणेकरी पाळीपाळीने बदलतात, जात विचारली जात नाही. आश्रम मात्र सापडतो. पारायणाला ओळीने बसलेल्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते, महाप्रसादाच्या चुलीपाशी त्याहून मोठी; कीर्तनाच्या वेळी पखवाज आणि टाळकऱ्यांची रांग बहुशः पुरुषांची. स्त्री-कीर्तनकार आज आहेत आणि त्यांचे कीर्तन ऐकले जाते, पण घरातल्या माणसांची संमती हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो. पुरुष कीर्तनकाराने आठवडाभर गावोगाव फिरण्याआधी पत्नीची परवानगी घेतली होती का, असे त्याला कोणी विचारीत नाही.

इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात पंढरीच्या वाटेवर ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या वेगळ्या पंगती पाहून आलेली अस्वस्थता मांडली. मराठी वाचकाला तो लेख लक्षात राहिला तो याच भागासाठी. पंगतीचा प्रश्न पुढे बऱ्याच अंशी मागे पडला. 1947 साली साने गुरुजींच्या उपोषणाने विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले होते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क संपले, आणि मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या नेमणुकीसाठी जातीची व लिंगाची अट ठेवली नाही. या पायऱ्या वर्णाच्या बाजूने चढल्या गेल्या, त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. आश्रमाच्या बाजूने अशा पायऱ्या दाखविता येत नाहीत, कारण तेथे कोणते मंदिर खुले करावयाचे आहे हेच कोणी सांगितलेले नाही.

बहिणाबाईंनी आपल्यापुरता एक मार्ग काढला होता. तो पतिव्रताधर्माच्या अभंगांत नाही, आयुष्याच्या शेवटी सांगितलेल्या पूर्वजन्मांच्या हकिगतीत आहे. मृत्यू जवळ आल्यावर मुलगा विठोबा याला त्यांनी आपले बारा पूर्वजन्म सांगितले, हा तेरावा. समीक्षेने या भागाकडे श्रद्धेचा किंवा कल्पनेचा विषय म्हणून पाहिले आणि आत्मचरित्राच्या ‘विश्वसनीय’ भागापासून तो अलग ठेवला. प्रत्यक्षात तो आत्मचरित्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग मानावा लागेल. एका जन्मात ज्या स्त्रीला एकच आश्रम मिळाला, तिने तेरा जन्मांचा पट अंथरला, आणि त्या पटावर ती शिष्या आहे, साधक आहे, अपुरी राहिलेली साधना घेऊन पुन्हा येणारी आहे. पत्नीपण हा त्या दीर्घ प्रवासातील एक मुक्काम ठरतो. पती या हकिगतीचा श्रोता नाही. श्रोता आहे मुलगा, जो पूर्वीच्या जन्मांतही आपल्या साधनेचा सोबती होता असे ती त्याला सांगते. आणि जे सांगते ते तो ऐकून घेतो, लिहून ठेवले जाते, शिऊरला जपले जाते.